किनाऱ्याची सावकाश वाट

मुंबईहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या माणसाला घाई असेल, तर त्याच्यासाठी पनवेलवरून निघणारा महामार्ग आहे. हा मार्ग समुद्रापासून बराच आत, सह्याद्रीच्या बाजूने जातो. त्याचे कारण उघड आहे. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या डोंगराजवळ अरुंद असतात व साध्या पुलावरून सहज ओलांडता येतात. त्याच नद्या समुद्राला मिळताना मात्र पसरतात, भरतीचे खारे पाणी त्यांच्या पात्रात कित्येक किलोमीटर आत शिरते आणि त्यांच्या खाड्या होतात. म्हणून किनाऱ्याने जाणाऱ्या वाटसरूला दर काही तासांनी एका खाडीपुढे उभे राहावे लागते.

असे असूनही किनाऱ्याने जाणारी एक वाट आहे. रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या रेडीपर्यंत ती जाते. 1980 ते 1982 या काळात राज्याचे मुख्यमंत्री असलेले बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी या सागरी मार्गाच्या कल्पनेला चालना दिली. काही खाड्यांवर पूल झाले, तर काहींवर पूल बांधण्याची कामे पुढे हाती घेण्यात आली. जेथे पूल नाही, तेथे माणसांबरोबर मोटारीही पलीकडे नेणारी सपाट बुडाची बोट असते. कोकणात तिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. रायगड जिल्ह्यातील मुरूडहून निघून रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळ्यापर्यंत जायचे झाल्यास आगरदांड्याहून दिघीला जाताना राजपुरीची खाडी, बागमांडल्याहून वेसवीला जाताना सावित्रीची, दाभोळहून धोपाव्याला जाताना वाशिष्ठीची आणि तवसाळहून जयगडला जाताना शास्त्रीची खाडी आडवी येते. पक्ष्याच्या उड्डाणाने मोजले तर हे अंतर सुमारे 130 किलोमीटर भरते. शहाण्या प्रवाशाने त्यासाठी चार-पाच दिवस राखून ठेवावेत. सोबत घरचा कुत्रा असेल, तर राखून ठेवावेच लागतात.

कारण कुत्र्याला घाईचा प्रवास मानवत नाही. हा काही त्याच्या लहरीचा प्रश्न नव्हे, त्याच्या शरीराची घडणच तशी आहे. माणसाला उकडू लागले की त्याच्या सर्वांगाला घाम येतो, तो घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो आणि अंग निवते. कुत्र्याच्या केसाळ त्वचेला ही सोय जवळजवळ नाही. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि तेवढ्याने त्याचे अंग निवत नाही. म्हणून तो तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकतो. जीभ, तोंड आणि श्वासमार्ग यांवरील ओलावा हवेबरोबर उडून जातो व त्याबरोबर उष्णताही जाते. कोकणातील दमट हवेत मात्र हा ओलावा सहजी उडत नाही. त्यामुळे घाटमाथ्यावर आनंदाने दौडणारा कुत्रा समुद्रकाठच्या तितक्याच उन्हात लवकर थकतो. बसके नाक असलेल्या पग किंवा बुलडॉग यांसारख्या जातींना हा त्रास अधिक होतो. त्यांचा श्वासमार्ग आखूड व अडचणीचा असतो.

कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे 38 ते 39 अंश सेल्सिअस असते. ते 41 अंशांच्या वर गेले की जिवाला धोका उत्पन्न होतो. आता एक नित्याचे दृश्य पाहा. एखादे कुटुंब खाणावळीत जेवावयास बसते. कुत्रा आत नेता येत नाही, म्हणून त्याला मोटारीत ठेवतात, काचा वर करतात आणि ‘पंधरा मिनिटांचे तर काम’ असे म्हणून निघून जातात. मोटारीच्या काचांतून ऊन आत शिरते, आतील बैठका व पत्रा तापवते, आणि ती उष्णता मात्र काचांतून तशी बाहेर पडत नाही. बाहेर 30 अंश तापमान असताना बंद मोटारीत दहा मिनिटांत ते 40 अंशांजवळ पोहोचते व अर्ध्या तासात 45 अंशांच्या पुढे जाते. खिडकी दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. डिसेंबर-जानेवारीतही कोकणात दुपारी 30 अंशांची उष्णता ही सामान्य गोष्ट आहे. त्यामुळे जेवणाची ही पंधरा मिनिटे कुत्र्याचा प्राण घेऊ शकतात. जेवण सावलीच्या ओटीवर मागवावे, नाही तर पाळीपाळीने जेवावे.

ही पाळी लावण्याची सवय या प्रवासात पदोपदी उपयोगी पडते. महाप्रस्थानाच्या वाटेवर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात पाऊल ठेवण्यास धर्मराजाने नकार दिला, अशी कथा महाभारतात आहे. जंजिऱ्याचा किल्ला पाहण्यासाठी एवढा मोठा त्याग करावा लागत नाही. राजपुरीहून किल्ल्याकडे शिडाच्या होड्या जातात, त्या बहुधा माणसांनी भरलेल्या असतात. घरातील दोघांनी किल्ला पाहून यावे, तोवर बाकीच्यांनी कुत्र्याला घेऊन सावलीत थांबावे, आणि मग अदलाबदल करावी. देवळांच्या बाबतीतही हाच मार्ग.

प्रवासाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. सकाळी लवकर निघावे, अकराच्या सुमारास मुक्कामी पोहोचावे, दुपार घराच्या पडवीत काढावी आणि ऊन उतरल्यावर पुन्हा बाहेर पडावे. ऊन कलले तरी पुळण, म्हणजे किनाऱ्यावरील वाळू, बराच वेळ तापलेली राहते. डांबरी रस्ता त्याहूनही अधिक काळ तापलेला असतो. चपला घातलेल्या माणसाला हे कळत नाही. हाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. ती ठेववत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही तेथे भाजतील, असे समजावे. जंगलजेटीचा लोखंडी पत्राही असाच तापतो. त्यावर ओले पोते अंथरले की कुत्रा निमूटपणे उभा राहतो.

कुत्र्याला धावू देण्यास सर्वांत चांगली जागा म्हणजे ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू. ती थंड असते आणि तिच्यात पाय रुतत नाहीत. पण ओहोटी केव्हा असेल? याचे एक जुने गणित कोकणातील कोळ्यांना व खलाशांना तोंडपाठ असते. शुद्ध किंवा वद्य पक्षातील तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीच्या दिवशी चाराची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हे गणित स्थूल आहे, जागेप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो. परंतु त्यामागे निसर्गाचा नियम आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पन्नास मिनिटे म्हणजे पाऊण तासाहून थोडी अधिक. पाऊणपटीचे रहस्य ते हेच.

आता हे गणित कुत्र्याच्या सोयीने मांडून पाहू या. अष्टमीच्या आसपास गेलात, तर सकाळी व संध्याकाळी, म्हणजे नेमकी थंड वेळ असताना, समुद्र पुळणीवर चढलेला आढळेल, आणि वाळू मोकळी होईल ती भर दुपारी. पौर्णिमा किंवा अमावास्या यांच्या आसपास गेलात, तर भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, आणि सूर्योदय व सूर्यास्त या दोन्ही वेळी ओहोटीचा विस्तीर्ण, ओला किनारा मिळतो. तेव्हा या प्रवासासाठी दिनदर्शिकेत सुटीचे दिवस पाहताना तिथीकडेही दृष्टी टाकणे शहाणपणाचे. पौर्णिमा व अमावास्येला भरती-ओहोटीचा ओढा मोठा असतो, हेही ध्यानात असावे. कुत्र्याला गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ देऊ नये. किनाऱ्यावर मोटार धावडवण्याची हौस काही लोकांना असते. ओहोटीत घातलेली मोटार वाळूत रुतते आणि भरतीत बुडते, असे प्रसंग वारंवार घडतात. त्यांतून ते काय शिकतात, हे समुद्रालाच ठाऊक.

समुद्राचे पाणी पिण्याजोगे नाही, हे माणसाला ठाऊक असते. तहानलेला कुत्रा मात्र ते पितो. त्यातील मिठामुळे शरीरातील पाणी आतड्यात ओढले जाते, कुत्र्याला वांत्या व जुलाब होतात आणि तहान आणखीच वाढते. पाणी बरेच पोटात गेले, तर झटकेही येऊ शकतात. म्हणून पुळणीवर उतरताना गोड्या पाण्याची बाटली व एक वाटी जवळ हवीच. दुसरे संकट जाळ्यांतून येते. कोळी लोक रापण ओढतात तेव्हा निरुपयोगी मासे वाळूवर पडतात. त्यांत पोट फुगवलेला केंड मासा असतो. त्याच्या अंगात असे विष असते, की ते स्नायूंची शक्ती घालवते व शेवटी श्वास बंद पाडते. त्यावर उतारा नाही. नाकाने जग ओळखणाऱ्या प्राण्याला कुजका मासा म्हणजे मेजवानी वाटते. तेव्हा रापणीजवळून जाताना दोर आखूड धरावा.

सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीस उतरल्यावर बाणकोटच्या पुढे वेळास हे गाव लागते. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. आज त्याची ओळख आणखी एका कारणाने आहे. हिवाळ्यातील रात्री ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या येथील पुळणीवर येतात, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करतात, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि समुद्रात परत जातात. अंड्यांकडे त्या पुन्हा फिरकत नाहीत. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत. जी उरत, ती कोल्हे व कुत्रे उकरीत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 साली येथे संरक्षणाचे काम सुरू केले आणि गावकरी त्यात सामील झाले. आता ते पहाटे पुळणीवर हिंडून मादीच्या पावलांचे माग काढतात, अंडी हळूच उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात, आणि सुमारे 45 ते 60 दिवसांनी पिले बाहेर आली की त्यांना समुद्राकडे सोडतात. अंगठ्याएवढी ती पिले लाटेकडे धावत असतात. अशा ठिकाणी घरचा लाडका कुत्रा काय करील? तोही उकरील. त्याच्या स्वभावात दुष्टपणा नाही, पण वाळूतून येणारा वास त्याला स्वस्थ बसू देणार नाही. रात्रभर गावकऱ्यांनी जपलेले पाच-पन्नास जीव एका क्षणाच्या मोकळेपणाने नष्ट होऊ शकतात. समुद्रकासवाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. वेळासच्या पुळणीवर, आणि अंजर्ल्यासारख्या कासवांच्या इतर किनाऱ्यांवरही, हंगामात कुत्र्याला न नेणे हेच योग्य. गावातल्या नारळी-पोफळीच्या वाडीतून त्याला मनसोक्त हिंडवावे. नारळाखाली मात्र बांधू नये. झाडावरून पडणारा नारळ खाली कोण आहे हे पाहत नाही.

वेळासहून केळशी, अंजर्ले, हर्णै असा रस्ता पुढे जातो. तो सड्यावर चढतो, पुन्हा वळणे घेत गावात उतरतो. पोटात ढवळण्याचा त्रास कुत्र्यांनाही होतो, पिलांना विशेष. डोळ्यांना मोटारीचा आतला भाग स्थिर दिसतो आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र वळणे सांगत असते. या दोन्हींचा मेळ बसत नाही. कुत्रा वारंवार ओठ चाटू लागला, लाळ गाळू लागला, की वांती जवळ आली असे ओळखावे. निघण्यापूर्वी तीन-चार तास त्याला खाण्यास देऊ नये, पाणी मात्र थोडे थोडे द्यावे. दर दोन तासांनी थांबून त्याला पाय मोकळे करू द्यावेत. त्याला मागील बैठकीवर छातीपट्ट्याने बांधावे. एकदम गती रोधावी लागली, तर मोकळा कुत्रा पुढे फेकला जातो व त्याच्यासह माणूसही जखमी होतो.

खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा घेणारा कुत्रा मोठा सुखी दिसतो. वाऱ्याबरोबर शेकडो वास त्याच्या नाकाशी येत असतात, आणि त्याला ते वर्तमानपत्रासारखे असावेत. पण त्याच वाऱ्याबरोबर धूळ, खडे आणि किडेही येतात. 1903 साली डॉ. होरेशिओ नेल्सन जॅक्सन यांनी सीवल क्रॉकर या कारागिरासह सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटारीने 63 दिवसांत प्रवास केला. अमेरिका खंड मोटारीने ओलांडण्याचा तो पहिला प्रवास. वाटेत, आयडाहो राज्यात, त्यांनी बड नावाचा एक बुलडॉग बरोबर घेतला. त्या मोटारीला ना छप्पर होते ना पुढची काच. धुळीने बडचे डोळे लाल झाले, तेव्हा डॉक्टरांनी स्वतःसारखाच धुळीचा चष्मा त्यालाही घातला. तो चष्मा अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आजही जपून ठेवला आहे. आजच्या प्रवाशाला काच चार बोटे खाली ठेवली की काम भागते. तेवढ्या फटीतून नाक बाहेर जाते, डोळे आत राहतात.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी होड्या परततात आणि वाळूवरच माशांचा लिलाव सुरू होतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा असतो. टोपल्यांची रांग, बोली, बर्फ, बैलगाड्या, गर्दी, असा तो सोहळा पाहण्यासारखा असतो, पण तो पाळीव कुत्र्यासाठी नाही. जवळपास बोंबील व कोलंबी वाळत घातलेली असतात. ते कोणाचे तरी वर्षाचे अन्न आणि मिळकत असते. शिवाय बंदरावर कुत्र्यांच्या स्वतःच्या टोळ्या असतात व त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. परगावचा कुत्रा दिसताच त्या धावून येतात. अशा वेळी आपल्या कुत्र्याला ओढत पळू नये, त्याला आपल्या व भिंतीच्या मध्ये घेऊन शांतपणे मागे सरावे. भांडणात चावा बसला तर श्वानदंशाचा, म्हणजेच रेबीजचा धोका असतो. त्यासाठी दरवर्षी टोचावयाची लस प्रवासापूर्वी वेळेवर दिलेली असावी व तिचा दाखला सोबत असावा. गावातील घरगुती निवासाचे मालकही पुष्कळदा तो पाहू इच्छितात. कुत्रा येणार हे त्यांना आधी कळवणे, हा साधा शिष्टाचार आहे.

दाभोळला पोहोचल्यावर पुन्हा खाडी. जंगलजेटी पाव तासाच्या आसपास वेळात पलीकडे धोपाव्याला लावते. ती नसेल, तर चिपळूणवरून शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडतो. बोट रात्री बंद होते. ही गोष्ट बारीक वाटली, तरी कुत्र्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पशुवैद्यकीय दवाखाने बहुधा दापोली, गुहागर यांसारख्या तालुक्याच्या ठिकाणी असतात. कुत्रा आजारी पडला आणि दवाखाना खाडीपलीकडे असला, तर अंधार पडल्यावर तो जवळ असूनही दूरच. म्हणून प्रत्येक मुक्कामी पोहोचताच, खाडी न ओलांडता गाठता येईल असा दवाखाना कोणता, हे विचारून ठेवावे. उन्हाचा तडाखा बसल्याची लक्षणेही घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, ठाऊक असावीत. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट व घट्ट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, चाल लटपटते. तसे दिसताच कुत्र्याला सावलीत न्यावे, पोट, मांड्या व पंजे यांवर साधे गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि लगेच दवाखान्याकडे निघावे. पाणी ओतणे आधी, प्रवास नंतर. हा क्रम चुकवू नये.

धोपाव्यापासून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी अशी गावे ओलांडीत रस्ता तवसाळला येतो आणि शेवटची खाडी पार केली की जयगड. एव्हाना कुत्राही बोटीला सरावलेला असतो. पहिल्या खाडीवर यंत्राच्या घरघरीने शेपूट पायांत घालून बसणारा प्राणी चौथ्या खाडीवर कठड्याशी उभा राहून खाऱ्या वाऱ्याचा वास घेऊ लागतो. मुक्कामी पोहोचल्यावर मात्र लगेच झोपू नये. अंगावरचे मीठ व वाळू गोड्या पाण्याने धुऊन काढावी, नाही तर त्वचेला खाज सुटते. कान कोरडे करावेत. मग कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात बोटांच्या पेरांमधून, कानांमागून, गळपट्ट्याखालून हात फिरवून गोचीड शोधावी. आढळली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये व तिला जाळू नये. हे काम करताना कुत्रा बहुधा झोपी गेलेला असतो आणि झोपेतच त्याचे पाय, अजून ओल्या वाळूवर असल्यासारखे, मधूनमधून हलत असतात.